बाल्कनीतली कबुतरं परत परत येतात? जाळी लावण्याआधी हे तपासा

बसायला येणारं कबुतर, झोपायला येणारं कबुतर आणि अंडी घालायला येणारं कबुतर ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. इमारतीत कुणाकडे कबुतरं घुसली की निरोप माझ्याकडे येतो, आणि "सगळं करून बघितलं, तरी येतातच" म्हणणाऱ्या बहुतेक घरांत मला हाच घोटाळा दिसतो. मुक्कामी पक्ष्यावर बैठकीचा इलाज चाललेला असतो.

लक्षणं

कठड्यावर आणि ग्रिलच्या आडव्या पट्टीवर विखुरलेले शिटेचे डाग. दिवसा दोन-चार पक्षी येतात, दार वाजलं की उडतात. ही नुसती बैठक. त्रास आहे, पण हलका.

एकाच जागेखाली शिटेची रास, आणि रोज सकाळी तिच्यात ताजी भर. पक्षी अंधार पडायच्या सुमारास येतात, उजाडल्यावर जातात. हा मुक्काम. असा पक्षी हाकलला तर लांब जात नाही, समोरच्या छज्ज्यावर बसून तुमची पाठ वळायची वाट बघतो.

एसीच्या मागे किंवा रिकाम्या कुंडीत काड्या, झाडूचे हीर, तारेचे तुकडे, केबल बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या. नर गळा फुगवून, गोल गोल फिरत घुमतोय. घरटं सुरू झालंय.

काड्यांभोवती वाळलेल्या विष्ठेचा कडक कंगोरा आणि आतून बारीक, शिट्टीसारखा आवाज. पिल्लं आहेत. पुष्कळ पक्षी पिल्लांची घाण उचलून बाहेर टाकतात, कबुतरं टाकत नाहीत; त्यामुळे जुनं घरटं थराथराने जाड होत जातं.

पक्षी दिसत नाहीत, घरटंही काढलंय, पण त्या खोलीत झोपणाऱ्याला रात्री चावे आणि खाज. पक्षी गेले, त्यांच्या अंगावरचे किडे मागे राहिले. हे लक्षण लोक कबुतरांशी जोडतच नाहीत. गादी बदलतात, साबण बदलतात.

आणि शेवटचं, जाळी आहे तरी कबुतर आत. त्याबद्दल पुढे सविस्तर.

ती इथेच का येतात

शहरातलं कबुतर मूळचं कड्याकपारीतलं. जंगली पारवे अजूनही डोंगरकड्यांवर आणि समुद्रकाठच्या खडकांत घरटी करतात, झाडावर सहसा नाही. त्यांना हवी असते सपाट कपार. डोक्यावर आडोसा, पाठीला भिंत, समोर उडायला मोकळी जागा आणि खालून कुणी चढून येणार नाही अशी उंची. एसीच्या बाहेरच्या युनिटमागची फट या सगळ्या अटी पूर्ण करते, शिवाय तिथे माणूस वर्षातून एकदा, सर्व्हिसिंगच्या वेळी डोकावतो.

कबुतरांची जोडी जमली की बहुधा टिकते, आणि जिथे पिल्लं वाढली तिथे ती पुन्हा अंडी घालते. पकडून लांब सोडून यावं, असं दर वेळी कुणीतरी सुचवतं. घरी परत येण्याच्या ज्या हातखंड्यामुळे माणसाने या पक्ष्याला हजारो वर्षं निरोप्या म्हणून वापरलं, तो हातखंडा विसरून कसं चालेल? मारण्यानेही काही होत नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरं मारली गेली आणि संख्या काही टिकाऊपणे हलली नाही, कारण रिकाम्या झालेल्या जागा नव्या पिल्लांनी भरून निघाल्या. पुढे १९८८ पासून तिथे लोकांना दाणे न टाकण्याबद्दल समजावणारी मोहीम चालली, तेव्हा चारेक वर्षांत संख्या जवळपास निम्म्यावर आली. खाणं आणि जागा, या दोन गोष्टींकडेच बघायचं.

१. आधी नुसतं बघा

खर्च शून्य, आणि हीच पायरी सगळे गाळतात. संशयित जागेखाली जुनं वर्तमानपत्र चिकटपट्टीने लावा. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा त्यावरची घाण बघून कागद बदला. तीन-चार दिवसांत कळतं, रात्रीची भर जास्त की दिवसाची, डाग कुठल्या पट्टीखाली आहेत, पक्षी नेमका कुठे बसतो. फटीत डोळा जात नसेल तर फोन आत धरून व्हिडिओ घ्या. हात घालू नका.

हे का करायचं, तर पुढचा सगळा खर्च यावर ठरतो. बैठकीला तार पुरते. मुक्कामाला बहुधा पुरत नाही. घरट्याला तर जागा पूर्ण बंद करण्याशिवाय पर्याय नाही.

२. दाणा-पाणी

स्वतःच्या बाल्कनीत दाणे टाकत नसाल, तरी ही तपासणी टाळू नका. एसीचं ठिबकणारं पाणी, कुंड्यांखालच्या बशा, पाळलेल्या पोपटाच्या पिंजऱ्यातून खाली सांडणारं खाणं, आजीने चिमण्यांसाठी ठेवलेली वाटी. चिमण्यांसाठी ठेवलेलं कबुतर खातं, त्याला कोणाच्या नावाचं आहे हे कळत नाही.

दाण्याचा परिणाम नुसता गर्दी वाढण्यापुरता नसतो. पुष्कळ पक्ष्यांना पिल्लांसाठी किडे लागतात, म्हणून त्यांचा विणीचा हंगाम ठरलेला असतो. कबुतराचे आईबाप दोघेही गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा पदार्थ तयार करतात आणि सुरुवातीला पिल्लांना तोच भरवतात. म्हणजे मोठ्यांना पोटभर धान्य मिळालं की पुरे. दाणे बारा महिने असतील तर अंडीही बारा महिने.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. कबुतर खातं एकीकडे आणि राहतं दुसरीकडे. तुमच्या बाल्कनीतला मुक्कामी पक्षी कदाचित बऱ्याच लांबच्या चौकात जेवून येत असेल. त्यामुळे शेजाऱ्याने दाणे बंद केले की आपली बाल्कनी आपोआप रिकामी होईल, ही आशा धरून बसू नका. शेजाऱ्याशी बोला जरूर, पण भांडण लागेल इतकं नको. दाणे टाकणारी व्यक्ती बहुतेक वेळा एकटी आणि श्रद्धेने करणारी असते. "तुमच्या दाण्यांमुळे" अशी सुरुवात केली की संवाद तिथेच संपतो. घरात दम्याचं कुणी असेल तर ते सांगितल्यावर माणसं ऐकतात असा माझा अनुभव आहे.

३. अडगळ

रिकामे खोके, उलट्या बादल्या, वाळलेल्या कुंड्या, भिंतीला टेकवलेली जुनी फळी. यांतली प्रत्येक वस्तू एक तयार कपार आहे. एका दुपारचं काम आहे आणि बैठक-मुक्कामाच्या कितीतरी तक्रारी इथेच मिटतात. वस्तू ठेवायच्याच असतील तर भिंतीपासून पुढे ओढून ठेवा, मागे आडोसा राहू देऊ नका.

४. घरट्यात नक्की काय आहे

इथे घाई केली तर पुढचं सगळं बिघडतं.

नुसत्या काड्या असतील, अंडं नसेल, तर त्याच दिवशी काढा. दुसऱ्या दिवशी पुन्हा आणतील. पुन्हा काढा. कबुतराचं घरटं बांधणं म्हणजे चार काड्या टाकणंच असतं, त्यामुळे दोन दिवस दुर्लक्ष झालं तरी घरटं तयार होतं.

अंडी असतील तर ती बहुधा दोन आणि पांढरी असतात. उबवायला साधारण १७ ते १९ दिवस लागतात, पिल्लं आणखी चार-पाच आठवड्यांनी उडतात. म्हणजे पहिल्या अंड्यापासून सगळं रिकामं होईपर्यंत सहा-सात आठवडे. पंचाईत अशी की पहिली पिल्लं पुरती उडालेली नसतानाच मादी पुन्हा अंडी घालू शकते, कित्येकदा शेजारच्याच कोपऱ्यात. म्हणून पिल्लं मोठी दिसू लागली की रोज नजर ठेवायची, उडाली त्याच दिवशी घरटं काढायचं आणि जागा लगेच बंद करायची. "रविवारी बघू" म्हटलं की पुढचे सहा आठवडे गेले.

अंडी-पिल्लांना हात लावण्याबद्दल अनेक देशांत कायदा आहे आणि तो जागोजागी वेगळा आहे. काढायचा विचार असेल तर स्थानिक वन विभाग किंवा पक्षी वाचवणाऱ्या संस्थेला विचारा. काहीही झालं तरी पिल्लं आत असताना फट बुजवू नका. ती आत मरतात, वास सुटतो, अळ्या होतात, आणि आईबाप बाहेरून जाळीवर दिवसभर आपटत राहतात.

५. साफसफाई, ओलीच

जागा साफ केल्याशिवाय बंद करण्यात अर्थ नाही, कारण किडे आणि घाण दोन्ही आत कोंडली जातात. पण झाडूने झाडणं हा या कामातला सगळ्यात धोक्याचा प्रकार आहे. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासात गेली की काहींच्या फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते. वर्षानुवर्षं संपर्क राहिला तर फुप्फुसं कायमची कडक होऊ शकतात. क्रिप्टोकॉकस नावाची बुरशीही या विष्ठेत वाढते आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना तिचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. दमेकरी, फुप्फुसाचे रुग्ण, अवयव प्रत्यारोपण किंवा केमोथेरपी झालेले, गरोदर बाई आणि लहान मुलं यांनी हे काम करू नये. काम चालू असताना जवळही थांबू नये.

बाकीच्यांसाठी पद्धत साधी. घराच्या आत उघडणारी दारं-खिडक्या लावून घ्या, एसी बंद करा. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, धुता येतील असे कपडे. साबणाचं पाणी हलक्या फवाऱ्याने मारा आणि घाण पूर्ण भिजेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा. जोराची धार नको, तिने कण उडतात. मग पत्र्याच्या सुरीने किंवा जुन्या उलथन्याने खरवडून दुहेरी पिशवीत भरा आणि जागा पुन्हा पुसा. ब्लीच वापरायचं असेल तर घाण निघाल्यावर, नुसत्या पाण्यात मिसळून. ॲसिड किंवा अमोनियाच्या क्लीनरबरोबर कधीही नाही, विषारी वायू होतो.

साफसफाईनंतर काही तासांत किंवा दिवसांत ताप, कोरडा खोकला, धाप लागली तर डॉक्टरांना कबुतरांचं आवर्जून सांगा. ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.

६. बसायची जागा मोडणे

आता थोडा खर्च. छज्ज्यावर किंवा एसीच्या वर एक गुळगुळीत फळी उतरती बसवा. उतार किमान ४५ अंशांचा हवा, त्याहून तीव्र असेल तर उत्तम. ३० अंशांच्या उतारावर कबुतर मजेत बसतं, हे बघूनही लोक तेवढाच उतार देतात, कारण तो दिसायला बरा दिसतो.

कठड्याच्या पट्टीवर ताणलेली बारीक स्टीलची तार चालते, दोन्ही टोकांना स्प्रिंग असेल तर अजून बरी. पक्षी उतरायला जातो, पाय डळमळतो, दुसरीकडे जातो. बैठकीवर छान, घरट्यावर निरुपयोगी.

काट्यांच्या पट्ट्या म्हणजे स्पाइक्स सगळ्यात जास्त विकल्या जातात आणि सगळ्यात जास्त चुकीच्या जागी लागतात. अरुंद पट्टीवर त्या उत्तम. रुंद छज्ज्यावर एकच रांग लावली तर पक्षी मागच्या मोकळ्या जागेत बसतो, आणि घरट्याच्या जागी लावल्या तर काड्या त्यांच्यातच नीट अडकतात, घरटं उलट पक्कं होतं. (बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात मॅगपाय पक्ष्याच्या एका घरट्यात असे दीडेक हजार काटे सापडले, नेदरलँड्सच्या संशोधकांनी २०२३ मध्ये त्याबद्दल लिहिलं. पक्ष्यांना पळवायचं सामान पक्ष्यांनीच बांधकामाला वापरलं!)

ज्यावर पैसे घालवू नयेत

जुन्या सीडी, चकाकत्या पट्ट्या, प्लास्टिकचं घुबड, रबरी साप. चार-आठ दिवस परिणाम दिसतो, मग पक्ष्याला कळतं की ही वस्तू आपलं काही बिघडवत नाही. घुबडाच्या डोक्यावर बसलेलं कबुतर मी पाहिलंय. अल्ट्रासाउंडची यंत्रं माणसाला ऐकू न येणाऱ्या उंच पट्टीचा आवाज काढतात, पण कबुतराची उंच आवाजाची मर्यादा माणसापेक्षाही खालची आहे. त्याला ते ऐकूच येत नाही. डांबरगोळ्या मोकळ्या हवेत पक्ष्यावर काही करत नाहीत, घरातल्या लहान मुलाने तोंडात घातल्या तर मात्र विषबाधा होते. चिकट जेल धुळीने आठवड्या-महिन्यात निकामी होतं, आणि त्याआधी त्यात चिमणी अडकते.

७. जाळी

घरट्याचं प्रकरण असेल तर शेवटी इथेच यावं लागतं. कबुतरांसाठी ५० मिलिमीटरची चौकट पुरते. चिमण्याही थांबवायच्या असतील तर १९ मिलिमीटरची लागते. धागा उन्हाला टिकणाऱ्या पॉलिथिलीनचा घ्या. साधा नायलॉन दोनेक उन्हाळ्यांत ठिसूळ होतो.

"जाळी लावली तरी येतात" या तक्रारीत दोष जवळपास नेहमी कडेला असतो. एसीचा पाइप जिथून बाहेर जातो ती खाच, पावसाच्या पाण्याचा खालचा नळ, ग्रिल आणि भिंतीमधली बोटभर वाटणारी पण प्रत्यक्षात मुठीएवढी फट. कबुतर अंग चोरून तेवढ्यातून आत जातं. हूक लांब लांब असतील तर मधली जाळी झोळ खाते आणि पक्षी खालून नाक खुपसून आत येतो. वीतभर अंतरावर हूक हवेत. सैल जाळीत पाय-पंख अडकून पक्षी लटकतो, ते वेगळंच संकट.

दोन गोष्टी विक्रेते सांगत नाहीत. पहिली, पक्ष्यांची जाळी मुलांना पडण्यापासून वाचवण्यासाठी नसते. ती माणसाचं वजन घेण्यासाठी बनवलेली नाही, तेव्हा जाळी लावली म्हणून मुलाला कठड्याशी एकटं सोडू नका. दुसरी, आगीच्या वेळी बाहेर पडायचा मार्ग त्या बाल्कनीतून असेल तर जाळीला आतून उघडणारी झडप ठेवाच.

लावल्यावर काही आठवडे पक्षी येऊन जाळीवर बसतील, धडका देतील. जुनी जागा सहज सुटत नाही. "उपयोग नाही" म्हणून याच काळात जाळी काढणारे बरेच भेटतात.

कुठे थांबायचं

कठड्याच्या बाहेर एक पाय टाकावा लागत असेल तर थांबा. स्टुलावर चढून कठड्याबाहेर वाकणं म्हणजेही बाहेर जाणंच. दोरी आणि सुरक्षा पट्टा घेऊन काम करणाऱ्यालाच बोलवा, स्वस्तात करून देणाऱ्या अनवाणी माणसाला नाही.

विष्ठेचा थर बोटभर जाड असेल, किंवा ती डक्टमध्ये, पोटमाळ्यावर, हवा खेळत नाही अशा जागी असेल तर स्वतः साफ करू नका. तिथे लागणारा मास्क आणि घाण ओढून घेणारं यंत्र घरात नसतं. एसी युनिटच्या आत काड्या गेल्या असतील तर एसीचा मेकॅनिक हवा. वायर कुरतडली नसली तरी ओल्या विष्ठेने तांबं आणि पत्रा खाल्लेला असतो.

चाव्यांचा त्रास असेल तर पेस्ट कंट्रोलवाल्याला "कबुतराचं घरटं होतं" असं स्पष्ट सांगा. नुसतं "ढेकूण" म्हटलंत तर तो पलंगावर फवारून जाईल आणि किडे खिडकीच्या चौकटीत राहतील; कबुतरांवरची एक गोचीड तर उपाशीपोटी वर्षानुवर्षं भिंतीच्या फटीत तग धरते. अडकलेल्या किंवा जखमी पक्ष्यासाठी पक्षिमित्र संस्थेला फोन करा, जाळी कापायची घाई नको.

सामाईक डक्ट, गच्चीखालचे छज्जे, बंद पडलेले फ्लॅट हे एकट्याने सुटत नाही. तुमची बाल्कनी बंद झाली की तीच जोडी वरच्या मजल्यावर जाते. सोसायटीच्या सभेत विषय घ्या आणि एका उभ्या ओळीतल्या सगळ्या बाल्कन्या एकदमच बंद करून घ्या.

जाळीवाला आला की त्याला तीन प्रश्न विचारा. हूक किती अंतरावर मारणार, पाइपांभोवती काय करणार, आणि बंद करण्याआधी एसीच्या मागे बघणार का. तिसऱ्या प्रश्नाला जो "त्यात काय बघायचं" म्हणेल त्याला परत पाठवा. काम संपल्यावर पैसे देण्याआधी चारही कडांवर आतून तळहात दाबत जा. जिथे हात बाहेर निघेल तिथे त्याच्याकडून आणखी एक हूक मारून घ्या.